सामूहिक रसग्रहण

आमच्या गल्लीत कुणाला काही वाचून घ्यायचं असलं की तो आधी माझ्याकडे येतो. शिकलेली पोरं गल्लीत ढीगभर आहेत, पण ती मनातल्या मनात वाचतात. त्याचा दुसऱ्याला काय उपयोग? मी मोठ्यानं वाचतो. औषधाच्या बाटलीवरचं वाचतो, एसटीवरची पाटी वाचतो, नळाला पाणी येणार नसल्याची सूचना तर अशी वाचतो की बायका तिथूनच हंडे घेऊन परत फिरतात. उखर्डू आबानं वाचलं म्हणजे ते तसंच आहे, अशी अमळनेरच्या निदान आमच्या भागात तरी समजूत होती. होती म्हणतो, कारण ही गोष्ट त्या समजुतीबद्दलच आहे.

अक्षरं मला पंचावन्नाव्या वर्षी भेटली. तोवर जिनात कापसाच्या गाठी उचलण्यात दिवस गेले. मग साक्षरता वर्ग निघाला आणि तिथल्या बाईंनी मला एक युक्ती शिकवली. "आबा, मोठा शब्द आला की घाबरायचं नाही. मधोमध फोडायचा. आत दोन लहान शब्द निघतात आणि ते बहुतेक ओळखीचे असतात." मी तेव्हापासून शब्द फोडत आलोय. पाणीपुरवठा म्हणजे पाणी आणि पुरवठा. दूरध्वनी म्हणजे दूर आणि ध्वनी. ही युक्ती मला कधीच दगा देत नाही, असं मी पुष्पाबाईला नेहमी सांगतो. पुष्पाबाई म्हणजे आमची मंडळी. ती म्हणते, "देत नाही काय, अजून दिला नाही म्हणा."

आमची नात दिपमाला कॉलेजात शिकते. तिला सिनेमाचं वेड आहे, पण आपल्यासारखं नाही. आपण सिनेमा बघतो आणि घरी येतो. ती सिनेमा बघते आणि मग तो का बघितला यावर बोलते. तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी पेठेतल्या जुन्या सभागृहात चित्रमंडळ काढलं. महिन्यातून एका रविवारी पडद्यावर चांगला सिनेमा आणि नंतर चर्चा. गेल्या वेळच्या सिनेमात एक म्हातारा दोन तास बर्फातून चालत होता. बघायला दहाबारा माणसं आली, त्यातली निम्मी पंख्याखाली झोपायला. म्हातारा पोचायच्या आत तीही उठून गेली.

सभागृहाचा कारभार लोटन नानांकडे. त्यांनी दिपमालाला बोलावून घेतलं. "पोरी, या रविवारी हॉल भरला आणि लोक शेवटपर्यंत बसले तर ठीक. नाहीतर पुढच्या महिन्यापासून रविवारी साड्यांचा सेल लागेल. माझा मेहुणा मागे लागलाय."

दिपमाला घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसली. जेवली नाही. पोरीनं दोन वर्षं त्या मंडळासाठी दारोदार फिरून पडदा मिळवला होता, प्रोजेक्टर मिळवला होता. 

"हॉल भरायचा ना? मी भरतो," मी म्हणालो.

"आबा, सिनेमा बोलण्याचा आहे. एका घरात अकरा माणसं बसलीत आणि बोलतायत. मारामारी नाही, गाणं नाही. लोक थांबणार नाहीत."

"बोलणारी अकरा माणसं एका घरात? आपल्या गल्लीत ते फुकट बघायला गर्दी होते. तू कागद दे."

तिनं छापलेल्या पत्रकांचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला आणि जळगावच्या पाहुण्या बाईंना फोन करायला आत गेली. मी ओट्यावर आलो. ओट्यावर गनीभाई बसलेला. गनीभाई पिंजारी, गाद्या भरतो. आमची दोस्ती जिनातली, त्याचा कापूस आणि माझ्या गाठी. त्याला उर्दू वाचता येतं, मराठी वाचनाचा कारभार माझ्याकडे.

"वाच," तो म्हणाला.

मी वाचलं. "चित्रपट रसास्वाद."

इथं मी थांबलो. मोठा शब्द. फोडला. रस आणि स्वाद. दोन्ही ओळखीचे.

आता तुम्ही हसाल. पण दिवस कोणते होते ते ध्यानात घ्या. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, नुकतीच झालेली. आमच्या खान्देशात आखाजीला पितरांना आंब्याचा रस दाखवतात आणि तोवर पुष्कळ घरांत आंबा तोंडाला लावत नाहीत. एकदा का आखाजी झाली की मग घराघरात रस. लेकी माहेरी आलेल्या, झोके बांधलेले, दारात कोयी पडलेल्या. त्या आठवड्यात आमच्याकडे कुणी 'रस' म्हणालं तर त्याचा एकच अर्थ होतो आणि तो पिवळा असतो.

तरी मी घाई केली नाही. खाली वाचलं. "चित्रपटानंतर सामूहिक रसग्रहण. सर्वांना आग्रहाचे निमंत्रण."

"ग्रहण म्हणजे?" गनीभाईनं विचारलं.

"सूर्याला लागतं ते नव्हे. लग्नात माइकवर म्हणत नाहीत का, आसन ग्रहण करावे, अन्न ग्रहण करावे? ग्रहण म्हणजे घेणं. सामूहिक म्हणजे बठ्ठ्यांनी, सगळ्यांनी मिळून."

"म्हणजे सिनेमा संपला की बठ्ठ्यांनी रस घ्यायचा."

"लिहिलंय तसं."

"तुझी नात हुशार शे," गनीभाई म्हणाला. "पंगत का टेबल?"

ते काही छापलेलं नव्हतं. पण वाचणाऱ्या माणसानं थोडं पुढचंही समजून घ्यावं लागतं. मी म्हणालो, "पंगत. आणि भांडं ज्याचं त्यानं आणायचं."

दिपमालाला मी काही विचारलं नाही. पोरीनं आग्रहाचं निमंत्रण छापलंय, तिला काय उलटून विचारायचं?

त्या संध्याकाळपासून मी आणि गनीभाई फिरलो. मी पत्रक वाचायचो, तो अर्थ सांगायचा. भाजीबाजार, पिठाची गिरणी, दुधाची डेअरी. पहिल्या दिवशी लोकांनी विचारलं की सिनेमा कोणता. दुसऱ्या दिवशी ते कुणी विचारेना. आंबा केशर की गावरान, एवढंच विचारायचे. मी सांगितलं, केशर. एकानं विचारलं, साखरेचा आजार असणाऱ्यांसाठी बिनसाखरेचा वेगळा असेल का. असेल म्हटलं. कुणाला नाही म्हणणं माझ्या स्वभावात नाही. शनिवारपर्यंत गोष्ट माझ्या हातातून सुटून स्वतःच्या पायांवर चालायला लागली होती. गिरणीवर मला अनोळखी माणूस सांगत होता की रस जळगावहून टँकरनं येतोय. दुसरा म्हणाला, टँकर कशाला, जळगाववाले पाइप बनवतात, ते पाइपानंच सोडतील.

गनीभाईची बायको अकबरीभाभी आमच्या घरी येऊन गेली. "भाऊ, आमची रुखसार धुळ्याहून आली शे पोरांना घेऊन. पातेलं आणलं तर चालेल ना? वाटीत पोरांचं होत नाही."

"आणा ना भाभी. सामूहिक आहे."

पुष्पाबाई चुलीजवळून माझ्याकडे बघत होती. भाभी गेल्यावर म्हणाली, "एवढ्या लोकांचा रस काढायचा तर कालपासून आंबे दिसायला हवे होते. दिपमालाच्या हाताला तर आंब्याचा वासही नाही."

"तू सिनेमावाल्यांना आपल्यासारखं समजू नको," मी सांगितलं.

रविवारी दुपारी चार वाजता हॉल असा भरला की लोटन नानांना स्वतःची खुर्ची दोनदा सोडून द्यावी लागली. माहेरी आलेल्या लेकी, त्यांची पोरं, त्यांच्या आया, गिरणीवरचा अनोळखी माणूस, त्याच्याबरोबर आणखी अनोळखी माणसं. प्रत्येकाच्या हातात पिशवी आणि पिशवीत काहीतरी वाजणारं. दिपमाला दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. जळगावच्या पाहुण्या सुलक्षणाताई तिच्याशेजारी उभ्या राहून गर्दी बघत होत्या. या ताई तिकडच्या रसिक मंडळाच्या प्रमुख. पुण्याला महिनाभराचं शिबिर करून आलेल्या, त्यामुळे सिनेमा चांगला आहे असं कधीच म्हणत नाहीत.

"दिपमाला, हे लोक संवादप्रधान चित्रपटाला आलेत?" त्यांनी विचारलं.

"हो ताई. आबांनी बोलावलंय."

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याच्या गुंड्या कुरकुरल्या. मी नातीच्या कानाशी गेलो. "आता फक्त सांग, रस कुठं ठेवलाय? मी आणि गनीभाई वाढायला उभे राहतो."

"कसला रस?"

"आंब्याचा. कसला म्हणजे?"

दिपमालानं आधी माझ्याकडे बघितलं, मग समोरून जाणाऱ्या अकबरीभाभीच्या पातेल्याकडे बघितलं. तिचा चेहरा पिठासारखा झाला.

"आबा, रसास्वाद म्हणजे सिनेमाची गोडी घेणं. रसग्रहण म्हणजे त्यावर बोलणं. तुम्ही लोकांना काय सांगितलंत?"

"छापलं होतं तेच."

"आता सगळे उठून जातील. नाना समोरच बसलेत."

खरंच, लोटन नाना पहिल्या रांगेत मांडीवर हात ठेवून बसले होते. मी नातीला म्हणालो, "कुणी उठणार नाही. रस सिनेमानंतर आहे ना? मग सिनेमा होईपर्यंत कोण उठतंय? तू दिवे घालव."

नंतरचं नंतर बघू, हा विचार मी आयुष्यात अनेकदा केलाय. दिवे गेले.

सिनेमा सुरू झाला. एक मोठं घर, दुपारची वेळ. म्हाताऱ्या आईच्या वाढदिवसाला तीन पोरं, तीन सुना, दोन मुली, दोन जावई जमलेत. आई धरून अकरा. पंगत मांडलेली, ताटं वाढलेली. आता बघा, आमच्या हॉलमध्ये निम्मे लोक सकाळपासून जेवले नव्हते, रसासाठी पोटात जागा ठेवून आले होते. त्यांच्यासमोर पडद्यावर ताट. ताटात पुरणपोळी, भात, आणि वाटीत काहीतरी पिवळं.

"रस शे," मागून कुणीतरी म्हणालं.

"कढी शे ती," गनीभाई म्हणाला.

"कढी एवढी पिवळी?"

"हळद जास्त पडली."

"श्श," दिपमाला म्हणाली.

पहिला घास उचलायच्या आत थोरला मुलगा म्हणाला, आधी एक विषय संपवून टाकू, आई कुणाकडे राहणार. झालं. त्यानंतर दोन तास कुणी घास उचलला नाही. आईला कुणी काही विचारलं नाही. अकरा माणसं, त्यातली दहा बोलत होती. पण काय बोलत होती म्हणून सांगू. थोरला प्रत्येक वाक्याच्या आधी 'माझं काही नाही' म्हणायचा आणि मग त्याचंच सगळं असायचं. मधली सून सगळ्यांना टोचून झाल्यावर पदर सावरत म्हणायची, "मी कुठं काय म्हणाले?" एक जावई होता, त्याला बोलायला फार नव्हतं, तो नुसता पाण्याचा तांब्या इकडून तिकडे सरकवायचा. जिकडे भांडण जोरात तिकडे तांब्या. मला तो फार आवडला. नटनट्या एकापेक्षा एक, पण कुणी दुसऱ्याच्या पुढे उडी मारत नव्हतं. एक बोलला की बाकीच्या दहांच्या तोंडावर ते दिसायचं.

आणि आमचे लोक गप्प बसतील तर शपथ.

"अरे, जेवा ना पहिले, मग भांडा," एक म्हातारबा म्हणाले.

"त्या मायले कोणी तरी वाढा रे," दुसऱ्या कोपऱ्यातून बाई म्हणाली.

मधली सून पडद्यावर म्हणाली, "आमच्या घरी जागा असती तर मी स्वतः नेलं असतं."

"जागा शे," अकबरीभाभी तिला म्हणाली. "मघाशी तर सांगत होतीस, पाहुण्यांची खोली नवी रंगवली."

मी चमकलो. माझ्या ध्यानात ते राहिलं नव्हतं. भाभीच्या राहिलं होतं. उपाशी माणूस बारीक ऐकतो.

सुलक्षणाताई अंधारात मोबाइलवर काहीतरी टिपून घेत होत्या.

शेवटाकडे भांडण एवढं पेटलं की दहाही जण एकदम बोलायला लागले. तेवढ्यात त्या आईनं वाटी उचलली. एकदम सगळे गप्प. ती म्हणाली, "तुमचं चालू द्या. माझी कढी गार झालीय." आणि तिनं शांतपणे जेवायला सुरुवात केली. एकटीनं. बाकी दहा जण तिच्याकडे बघत राहिले आणि सिनेमा संपला.

 हॉलमध्ये कुठंतरी एक ताट वाजलं. मग दुसरं. मग सगळ्या हॉलनं वाट्या, ताटं, पातेली, जे हाताशी होतं ते वाजवलं. म्हातारी जेवली याचा लोकांना एवढा आनंद झाला होता. गनीभाई माझ्या कानात ओरडला, "बघ, कढीच होती."

दिवे लागले. सुलक्षणाताई माइकजवळ गेल्या.  "भांड्यांचा हा निनाद मी कधी विसरणार नाही. आता आपण रसग्रहणाकडे वळू या."

हे ऐकायचा अवकाश, की खुर्च्या बाजूला झाल्या. दोन मिनिटांत लोक जमिनीवर समोरासमोर रांगा करून बसले. पुढ्यात भांडी. लेकरं मांडीवर. आमच्याकडे पंगत बसवायला कुणाला शिकवावं लागत नाही.

सुलक्षणाताईंनी छातीवर हात ठेवला. "चित्रपटातली पंगत तुम्ही पडद्याबाहेर आणलीत. रिकाम्या भांड्यांसह. मी पुण्यातसुद्धा असा प्रतिसाद बघितला नाही."

अकबरीभाभी म्हणाली, "ताई, ते बठ्ठं ठीक शे. रस कोठे शे?"

"वा," ताई म्हणाल्या. "किती मूलभूत प्रश्न. रस कुठे असतो? पडद्यावर असतो का?"

"पडद्यावर कढी होती," गनीभाईनं सांगितलं.

"बरोबर. मग रस कुठे? रस तुमच्या आत आहे."

"आमच्या आत सकाळपासून नुसता चहा शे," भाभी म्हणाली.

"तो बाहेरून कुणी आणून देत नाही."

लोक टँकरच्या बातमीकडे, म्हणजे गिरणीवरच्या माणसाकडे बघायला लागले. त्यानं मान खाली घातली.

"आणि लक्षात घ्या," ताई पुढे म्हणाल्या, "रस सगळ्यांना सारखा मिळत नाही. ज्याचं पात्र जेवढं मोठं, तेवढाच त्याला मिळतो."

पंगतीत एकदम खळबळ झाली. वाट्यावाल्यांनी पातेलेवाल्यांकडे बघितलं. एक बाई उभी राहून म्हणाली, "हे आधी सांगायला पाहिजे होतं. आमचं घर जवळच आहे, मी घरातलं सगळ्यात मोठं भांडं, गंज, घेऊन येते, तोवर वाढू नका." एक काका वाटी ठेवून शेजाऱ्याच्या बादलीची चौकशी करू लागले. त्या धांदलीत पहिल्या रांगेतली एक खुर्ची सरकली आणि तिच्याखालून स्टीलचा मोठा, झाकणाचा डबा गडगडत मधोमध आला.

डबा लोटन नानांचा होता. झाकणावर नाव कोरलेलं होतं. मी ते मोठ्यानं वाचलं, सवयीनं.

"घरच्यांसाठी," नाना म्हणाले.

दिपमालाला आता राहवेना. तिनं माइक घेतला. "माफ करा. रस नाहीये. आंब्याचा रस नाहीये. रसग्रहण म्हणजे सिनेमावर गप्पा. आमचं लिहायचं चुकलं."

पोरीनं चूक स्वतःवर घेतली. तरी सगळा हॉल माझ्याकडेच वळला. एवढे डोळे एकदम माझ्याकडे फक्त माझ्या लग्नात वळले होते आणि तेव्हाही मला घामच फुटला होता. मी खिशातलं पत्रक काढून वर धरलं. "छापलंय. वाचून दाखवू का?"

"नको," सगळे म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी वाचायला नको म्हणालं.

लोटन नाना डबा उचलून उभे राहिले. कपाळावर आठ्या. "दिपमाला, लोकांना फसवून हॉल भरायचा नसतो. पुढच्या महिन्यापासून सेल. विषय संपला. चला सगळे घरी."

लोक पिशव्या आवरायला लागले. दिपमाला प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला खाली बसली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता आणि तो दिसत नव्हता हेच बरं होतं.

रुखसार पोराला कडेवर घेऊन दारापर्यंत गेली आणि मागे वळून आईला म्हणाली, "पण अम्मी, मधल्या सुनेच्या घरी खरंच जागा होती का?"

"होती तर. खोली रंगवली म्हणाली ना?"

"ती तिच्या माहेरच्यांसाठी रंगवली होती," माहेरी आलेली दुसरी एक लेक म्हणाली आणि पिशवी खाली ठेवली.

"म्हणून काय सासूला ठेवता येत नाही?"

"धाकटीनं का नाही नेलं?"

"धाकटी नोकरी करते. तिनं सांगितलं ना, दिवसभर आई एकटी पडेल."

"एकटी आताही पडलीच की. दहा माणसांत बसून पडली."

जी माणसं दाराबाहेर गेली होती ती परत आत आली. गंज आणायला गेलेली बाई गंज घेऊन आली, तिला काही कळेना, तिनं गंज उपडा घातला आणि त्यावर बसून मोठ्या जावयाची बाजू घ्यायला सुरुवात केली. मी तांब्यावाल्या जावयाबद्दल बोललो, तर गनीभाई म्हणाला तो भित्रा आहे. आमचं त्यावर वाजलं. सुलक्षणाताई माइकवरून मौनाच्या भाषेबद्दल काही सांगत होत्या, पण भाषा एवढी चालू होती की मौन कुणाला ऐकू आलं नाही. शेवटी त्या खाली येऊन पंगतीत बसल्या आणि मधल्या सुनेला चांगली नावं ठेवली. त्या बाईही कुणाची तरी धाकटी जाऊ असणार.

लोटन नाना दारात उभे होते. जातही नव्हते, बसतही नव्हते. अखेर त्यांना राहवलं नाही. "अरे, तुम्ही सगळे उगाच सुनांना धरून बसलात. चूक थोरल्याची आहे. थोरल्यानं न्यायला पाहिजे. थोरला असून आईला ठेवत नाही म्हणजे काय?"

"बरोबर आहे नाना," आमची पुष्पाबाई म्हणाली. एवढा वेळ ती एका कोपऱ्यात हात बांधून बसली होती. "अक्का कुठं असतात हल्ली?"

अक्का म्हणजे नानांची आई. नाना थोरले.

सगळ्या माना दाराकडे वळल्या. 

"धुळ्याला. धाकट्याकडे," नाना म्हणाले.

"आणि तुमचा वरचा मजला?"

"वर जागा नाही. मेहुण्याच्या साड्यांचे गठ्ठे आहेत."

बोलून झाल्यावर ते त्यांच्याच कानावर पडलं. कुणी हसलं नाही. पुष्पाबाई फक्त पदर सावरत म्हणाली, "मी कुठं काय म्हणाले?"

नानांनी डबा खुर्चीवर ठेवला, पुन्हा उचलला. मग दिपमालाजवळ जाऊन विचारलं, "पुढच्या महिन्यात कोणता सिनेमा आहे?"

"अजून ठरवलं नाही नाना."

"ठरव. हॉल आहे." आणि दारातून परत फिरून हळूच म्हणाले, "आई नसलेला बघ एखादा."

दिपमाला त्या रात्री दोन भाकरी जेवली. गल्लीतल्या घराघरात खिचडी शिजली आणि ती शिजताना मला काय काय म्हटलं गेलं ते मी इथं लिहीत नाही. पोरं मला रस्त्यात 'ग्रहण आबा' म्हणायला लागली. आमच्या भागात अजून त्या अकरा माणसांची चौकशी चालू असते. अकबरीभाभी मधल्या सुनेबद्दल असं बोलते जशी काही ती शेजारच्या गल्लीत राहते.

पुढच्या पत्रकाच्या वेळी दिपमालानं मला समोर बसवलं. "आबा, या वेळी रस नाही, स्वाद नाही, ग्रहण नाही. कुणाला खाण्याचं सुचणारच नाही असा शब्द घातलाय. आणि तुम्ही कुणाला अर्थ सांगायचा नाही. शपथ घ्या."

मी घेतली. पत्रक ओट्यावर नेलं आणि गनीभाईला नुसतं वाचून दाखवलं. "चित्रपटानंतर सामूहिक मंथन."

"मंथन म्हणजे?"

"मी सांगणार नाही. शपथ आहे."

गनीभाईनं दोन्ही हातांनी हवेत रवी फिरवली. "घुसळतात ते?"

 मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. ऊन मात्र त्या दिवसांत फार होतं.

रविवारी हॉल पुन्हा गच्च भरला. लोटन नाना त्यांच्या आईचा हात धरून आले. अक्का आता वरच्या मजल्यावर असतात, साड्या कुठं गेल्या ते मेहुण्याला माहीत. लोकांच्या हातात या वेळी ताटं नव्हती, पातेली नव्हती. प्रत्येकाजवळ एक एक लोटा होता. अक्कांकडे दोन.

दिपमालानं दारातून माझ्याकडे बघितलं.

"मी एक शब्द बोललो नाही," मी म्हणालो, आणि ते शंभर टक्के खरं होतं. सदऱ्याच्या खिशात मिठाची पुडी होती ती वेगळी गोष्ट. जिऱ्याची पूड पुष्पाबाईकडे होती.